तुटीचे विधेयक आणि संघटनांचा कायदा: विस्कॉन्सिन, २०११

११ फेब्रुवारी २०११ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचे रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी एक विधेयक जाहीर केले. त्यांना पदभार घेऊन तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते. विधेयकाचे नाव रुक्ष होते: अर्थसंकल्प दुरुस्ती विधेयक. चालू आर्थिक वर्षात राज्याला सुमारे १३.७ कोटी डॉलरची तूट भरून काढायची होती आणि पुढील दोन वर्षांच्या अर्थसंकल्पात सुमारे ३६० कोटी डॉलरची तूट दिसत होती. ही तूट खरी होती. २००८ च्या मंदीने राज्याचे उत्पन्न आटले होते आणि केंद्राकडून आलेला तात्पुरता मदतनिधी संपत आला होता. याच विधेयकात राज्यातील बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांचा सामूहिक वाटाघाटींचा, म्हणजे संघटनेमार्फत पगार आणि कामाच्या अटी ठरवण्याचा, हक्क जवळजवळ संपुष्टात आणणारी कलमेही होती. पुढच्या महिन्यात ते मंजूर झाले तेव्हा त्याला ‘कायदा १०’ हा क्रमांक मिळाला आणि आजही ते त्याच नावाने ओळखले जाते.

या प्रकरणाबद्दल दोन कथा सांगितल्या जातात. एका कथेत तिजोरी रिकामी असताना कठोर निर्णय घेणारा गव्हर्नर आहे, तर दुसऱ्या कथेत विरोधी पक्षाचा आर्थिक कणा मोडण्यासाठी तुटीचे निमित्त करणारा पक्ष आहे. राजकारणात हेतू क्वचितच कबूल केला जातो, आणि कबूल केला तरी तो एकच असतो असे नाही. म्हणून येथे भाषणांपेक्षा कलमांकडे अधिक पाहिले आहे. कोणत्या कलमाने पैसे वाचतात, कोणत्या कलमाने वाचत नाहीत, आणि न वाचवणारी कलमे मग कशासाठी आहेत, हा प्रश्न या प्रकरणात बराच दूरवर नेतो.

पार्श्वभूमी

विस्कॉन्सिनची निवड योगायोगाने झालेली नव्हती. १९५९ मध्ये गव्हर्नर गेलॉर्ड नेल्सन यांच्या काळात नगरपालिका आणि परगण्यांच्या कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटींचा कायदेशीर हक्क देणारे हे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. राज्य, परगणा आणि नगरपालिका कर्मचाऱ्यांच्या देशव्यापी महासंघाची मुळे १९३० च्या दशकातील मॅडिसन शहरात, म्हणजे याच राज्याच्या राजधानीत आहेत. बेरोजगारी विम्याचा पहिला राज्य कायदाही १९३२ मध्ये येथेच झाला. जिथे या हक्काची सुरुवात झाली तिथेच तो मागे घेता आला, तर इतर राज्यांतील विरोधकांना मोठे उदाहरण मिळणार होते, आणि हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

सरकारी नोकरीत सामूहिक वाटाघाटी नसाव्यात ही भूमिका केवळ उजव्या पक्षाची होती असेही नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३७ मध्ये एका पत्रात लिहिले होते की खासगी उद्योगातील सामूहिक वाटाघाटींची पद्धत जशीच्या तशी सरकारी सेवेत आणता येत नाही, कारण तिथे मालक म्हणजे जनताच असते. वॉकर यांच्या समर्थकांनी हे पत्र वारंवार पुढे केले. युक्तिवाद असा: खासगी कंपनीत संघटना आणि मालक यांचे हितसंबंध परस्परविरोधी असतात, म्हणून त्यांच्यातील ओढाताणीतून काही समतोल साधतो. सरकारी क्षेत्रात मात्र संघटना वर्गणीतून निवडणुकीत पैसा ओतते, त्या पैशाने निवडून आलेला नेता वाटाघाटीच्या टेबलावर समोर बसतो, आणि बिल करदात्याच्या नावे फाडले जाते. हा युक्तिवाद सरसकट झटकून टाकण्यासारखा नाही. मिलवॉकी परगण्यात २००० च्या सुमारास अधिकाऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी निवृत्तिवेतनाच्या अशा उदार अटी मंजूर करून घेतल्या होत्या की जनक्षोभामुळे तेथील परगणाप्रमुखांना २००२ मध्ये पायउतार व्हावे लागले. त्यांच्या जागी निवडून आलेले गृहस्थ म्हणजे स्कॉट वॉकर.

मिलवॉकी परगण्याचे प्रमुख म्हणून वॉकर यांनी आठ वर्षे संघटनांशी झुंज दिली आणि त्यांतील बऱ्याच झुंजी ते हरले. न्यायालयाच्या इमारतींवरील संघटित सुरक्षारक्षक काढून खासगी कंपनीचे रक्षक नेमण्याचा त्यांचा निर्णय पुढे लवादाने चुकीचा ठरवला. करारातील प्रत्येक कलम, प्रत्येक तक्रारप्रक्रिया आणि प्रत्येक लवाद हा आपल्या मार्गातील अडसर आहे, अशी त्यांची धारणा या काळात पक्की झाली असे मानायला पुरेसा आधार आहे. कायदा १० कडे निव्वळ पक्षीय कट म्हणून पाहणारे लोक हा अनुभव विसरतात, आणि त्याकडे निव्वळ आर्थिक शिस्त म्हणून पाहणारे लोक याच अनुभवातून तयार झालेली चीड विसरतात.

विधेयकात काय होते

कर्मचाऱ्यांच्या खिशाला थेट हात घालणारी कलमे दोन होती. निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचा कर्मचाऱ्याचा वाटा आजवर बहुतेक ठिकाणी सरकारच भरत असे. आता कर्मचाऱ्याने पगाराच्या सुमारे ५.८ टक्के रक्कम स्वतः भरायची होती. आरोग्य विम्याच्या सरासरी हप्त्यातील त्याचा वाटा किमान १२.६ टक्के होणार होता, म्हणजे राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी साधारण दुप्पट. सरकारच्या हिशेबानुसार यातून चालू वर्षाच्या उरलेल्या तीन महिन्यांत ३ कोटी डॉलर आणि पुढील दोन वर्षांत ३० कोटी डॉलर वाचणार होते.

यानंतरची कलमे वेगळ्या जातीची होती. वाटाघाटी फक्त मूळ वेतनावर करता येतील. कामाचे तास, सुरक्षितता, ज्येष्ठता, विमा, तक्रार निवारण हे सारे विषय वगळले जातील. मूळ वेतनातील वाढ महागाई निर्देशांकाच्या पुढे न्यायची असेल तर मतदारांचे सार्वमत घ्यावे लागेल. करार एकाच वर्षाचा असेल. पगारातून संघटनेची वर्गणी कापून देणे सरकारला बंद करावे लागेल, आणि सभासद नसलेल्यांकडून वाटाघाटींच्या खर्चापोटी घेतली जाणारी रक्कमही बंद होईल. शेवटी, प्रत्येक संघटनेला दरवर्षी नव्याने मान्यतेसाठी मतदान घ्यावे लागेल आणि त्यात गटातील एकूण कर्मचाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांचा कौल मिळवावा लागेल. येथे आधार मतदान करणाऱ्यांच्या संख्येचा नव्हता. एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येचा होता.

हे शेवटचे कलम नीट समजून घेण्यासारखे आहे. शंभर कर्मचाऱ्यांच्या गटात पन्नास जणांनी मतदान केले आणि सर्वच्या सर्व मते संघटनेच्या बाजूने पडली, विरोधात एकही पडले नाही, तरीही संघटनेची मान्यता जाते. रजेवर असलेला, आजारी असलेला, विसरलेला, कंटाळलेला असा प्रत्येक गैरहजर कर्मचारी विरोधात मोजला जातो. वॉकर स्वतः नोव्हेंबर २०१० मध्ये सुमारे ५२ टक्के मतांनी निवडून आले होते आणि ते ५२ टक्के अर्थातच मतदान केलेल्यांपैकी होते. ही कसोटी विधिमंडळाला लावली असती तर सभागृहातील बहुतेक खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या.

विद्यापीठातील प्राध्यापक, घरी जाऊन रुग्णसेवा करणारे आणि पाळणाघर चालवणारे लोक या अलीकडेच हक्क मिळालेल्या गटांचा वाटाघाटींचा अधिकार तर पूर्णच काढून घेण्यात आला. पोलीस, अग्निशमन दल आणि राज्याच्या महामार्गांवरील गस्ती पोलीस यांना मात्र या सगळ्यातून वगळण्यात आले.

पैसे मिळाले, तरी वाद मिटला नाही

हेतू ओळखण्याची सर्वांत स्पष्ट संधी विधेयक जाहीर झाल्यानंतर आठवडाभरातच आली. राज्य कर्मचाऱ्यांच्या आणि शिक्षकांच्या मोठ्या संघटनांच्या नेत्यांनी उघडपणे सांगितले की निवृत्तिवेतनाचा आणि विम्याचा वाटा आम्ही भरतो, म्हणजे गव्हर्नर मागत आहेत ते सर्व पैसे देतो. वाटाघाटींचा हक्क तेवढा राहू द्या. वॉकर यांनी नकार दिला.

त्यांचे कारण असे होते की राज्य पातळीवरील नेत्यांच्या शब्दाला शेकडो शाळा मंडळे, गावे आणि परगणे यांच्या स्वतंत्र करारांत काही अर्थ नाही. राज्य सरकार स्थानिक संस्थांचे अनुदान कापणार होते, आणि त्या कपातीशी जुळवून घेण्यासाठी त्यांना वाटाघाटींविना निर्णय घेण्याची मोकळीक हवी होती. यात तथ्य आहे. आरोग्य विमा कोणत्या कंपनीकडून घ्यायचा हाही अनेक शाळा मंडळांत वाटाघाटींचा विषय होता, आणि बहुतेक ठिकाणी तो शिक्षक संघटनेनेच उभ्या केलेल्या विमा न्यासाकडून घेतला जात असे. कायदा लागू झाल्यावर काही मंडळांनी विमा बदलला किंवा बदलण्याचा नुसता इशारा दिला आणि हप्ते कमी झाले. आर्थिक हेतूचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि कायद्याच्या टीकाकारांनी त्याला क्वचितच सरळ उत्तर दिले आहे.

पण हा पुरावा वाटाघाटींचे विषय मर्यादित करणाऱ्या कलमापुरताच चालतो. वर्गणी कापून देण्यावर बंदी घातल्याने कोणत्या शाळा मंडळाचा विमा स्वस्त होतो? पगाराची रक्कम काढणाऱ्या संगणकासाठी ती एका ओळीची नोंद असते. दरवर्षीच्या मान्यता मतदानातून कोणाची बचत होते? १४ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे वॉकर साक्ष देत असताना ओहायोचे डेमोक्रॅट प्रतिनिधी डेनिस कुसिनिच यांनी नेमका हाच प्रश्न विचारला, आणि या विशिष्ट तरतुदीने पैसे वाचत नाहीत असे गव्हर्नरांना मान्य करावे लागले. कामगाराला निवडीचे स्वातंत्र्य देणे हा तिचा उद्देश असल्याचे त्यांनी सांगितले. मग ते स्वातंत्र्य पोलिसांना का नको होते, हा प्रश्न उरतोच.

तुटीच्या हिशेबातही एक विसंगती आहे. चालू वर्षाची १३.७ कोटींची तूट भरून काढण्यात कर्मचाऱ्यांकडून येणाऱ्या ३ कोटींचा वाटा लहान होता. तातडीचा मोठा उपाय होता तो राज्याच्या सुमारे १६.५ कोटी डॉलरच्या कर्जाच्या पुनर्रचनेचा, आणि त्यासाठीच फेब्रुवारीअखेरची मुदत पुढे करून विधेयक घाईने मंजूर करण्याचा आग्रह धरला जात होता. या तरतुदीचे पुढे काय झाले ते लवकरच दिसेल.

टीकाकारांचा एक लोकप्रिय आरोप मात्र येथेच बाजूला ठेवला पाहिजे. वॉकर यांनी जानेवारीत उद्योगांना करसवलती देऊन तूट स्वतःच निर्माण केली, असे त्या काळी मोर्च्यांतून सर्रास म्हटले जाई. त्या सवलतींचा सुमारे ११.७ कोटी डॉलरचा भार पुढील दोन वर्षांच्या अर्थसंकल्पावर पडणार होता. चालू वर्षाची तूट त्यांच्यामुळे झालेली नव्हती. राज्यकर्त्यांचा अग्रक्रम काय होता हे त्या सवलतींतून दिसते, त्यापेक्षा जास्त काही सिद्ध होत नाही.

चौदा सिनेटर आणि गणपूर्ती

तेहतीस सदस्यांच्या सिनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाचे १९ सदस्य होते. साध्या विधेयकाला तेवढे पुरले असते, परंतु खर्चाशी किंवा कर्जाशी संबंधित विधेयकासाठी राज्यघटनेनुसार २० सदस्यांची उपस्थिती आवश्यक होती. १७ फेब्रुवारी रोजी डेमोक्रॅटिक पक्षाचे सर्व चौदा सिनेटर राज्याची सीमा ओलांडून शेजारच्या इलिनॉयमध्ये निघून गेले, म्हणजे विस्कॉन्सिनच्या पोलिसांना त्यांना सभागृहात आणता येऊ नये. शिक्षक, परिचारिका, विद्यार्थी आणि निवृत्त कर्मचारी यांनी विधानभवन भरून गेले. लोक रात्री तेथील फरशीवर झोपत होते. अग्निशमन दलाचे जवान, ज्यांना विधेयकातून वगळले होते, तेही बॅगपाइप वाजवत आंदोलनात सामील झाले.

सुमारे तीन आठवडे ही कोंडी चालली. ९ मार्चच्या संध्याकाळी सत्ताधाऱ्यांनी अवघ्या काही तासांत विधेयकातून कर्जाची पुनर्रचना आणि खर्चाच्या तरतुदी काढून टाकल्या, म्हणजे २० जणांच्या गणपूर्तीची अट राहणार नाही. उरलेले विधेयक सिनेटने १८ विरुद्ध १ मतांनी मंजूर केले; विरोधातले एकमेव मत रिपब्लिकन सिनेटर डेल शुल्ट्झ यांचे होते. दुसऱ्या दिवशी असेंब्लीने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, ५३ विरुद्ध ४२ मतांनी ते मंजूर केले आणि ११ मार्च रोजी वॉकर यांनी स्वाक्षरी केली.

आता वर उल्लेखलेली विसंगती पूर्ण होते. निवृत्तिवेतन आणि विम्याची कलमे अंतिम कायद्यात राहिली हे खरे. त्यामुळे ‘सर्व आर्थिक भाग वगळला’ हे विरोधकांचे म्हणणे अतिशयोक्त आहे. पण चालू वर्षाची तूट भरण्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत तातडीचा उपाय, जो पुढे करून घाई केली जात होती, तोच निवडीची वेळ आल्यावर सोडून दिला गेला, आणि संघटनांविषयीची कलमे राखली गेली. दोन गोष्टींपैकी एकच हाती राहणार असेल तेव्हा माणूस कोणती धरतो यावरून त्याचा अग्रक्रम कळतो, तसा तो येथे कळला.

बोलून गेलेले शब्द

कलमांवर भर दिला असला तरी या प्रकरणात बोलण्याचा पुरावाही असाधारण मुबलक आहे. १८ जानेवारी २०११ रोजी, विधेयक जाहीर होण्याच्या तीन आठवडे आधी, पक्षाला मोठ्या देणग्या देणाऱ्या अब्जाधीश उद्योजक डायेन हेंड्रिक्स यांनी वॉकर यांना विचारले होते की हे राज्य पूर्णपणे रिपब्लिकन रंगाचे आणि संघटनांच्या सक्तीपासून मुक्त कधी होईल. वॉकर यांनी उत्तर दिले की पहिली पायरी म्हणून अर्थसंकल्पाच्या विधेयकातून सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा वाटाघाटींचा प्रश्न निकाली काढायचा, कारण आधी फूट पाडायची आणि मग जिंकायचे. हे संभाषण एका माहितीपटकाराच्या कॅमेऱ्यात टिपले गेले होते आणि मे २०१२ मध्ये ते बाहेर आले. हेंड्रिक्स यांनी नंतर वॉकर यांच्या प्रचाराला पाच लाख डॉलरहून अधिक देणगी दिली.

२३ फेब्रुवारीला उघड झालेला फोन अधिक गाजला. एका वार्ताहराने उद्योगपती डेव्हिड कोक असल्याची बतावणी करून गव्हर्नरांशी सुमारे वीस मिनिटे गप्पा मारल्या. त्यात वॉकर यांनी सांगितले की विधेयक जाहीर होण्याच्या काही दिवस आधी त्यांनी मंत्रिमंडळाला जेवायला बोलावले, रोनाल्ड रेगन यांचे छायाचित्र दाखवले आणि रेगन यांनी १९८१ मध्ये संपावरील हवाई वाहतूक नियंत्रकांना बडतर्फ केल्याची आठवण करून दिली. यातून संघटनांविरुद्धच्या डावपेचांपेक्षा इतिहासात स्थान मिळवण्याची आकांक्षा अधिक दिसते. २०१५ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले तेव्हा त्यांच्या ओळखीचा मुख्य आधार हाच कायदा होता. त्या शर्यतीतून ते दोन महिन्यांच्या थोड्या नंतर बाहेर पडले हा भाग वेगळा.

पक्षीय हिशेब सर्वांत उघडपणे मांडला तो सिनेटमधील बहुमताचे नेते स्कॉट फिट्झजेराल्ड यांनी. मार्च २०११ मध्ये फॉक्स न्यूजला त्यांनी सांगितले की ही लढाई जिंकली आणि संघटनांकडे पैसा राहिला नाही, तर बराक ओबामा यांना विस्कॉन्सिन जिंकणे बरेच कठीण जाईल. विरोधकांनी जे आरोप म्हणून म्हटले असते ते नेत्याने स्वतःच लाभ म्हणून सांगितले.

जाता जाता एक गोष्ट: असेंब्लीचे सभापती जेफ फिट्झजेराल्ड हे या नेत्याचे भाऊ, आणि त्यांच्या वडिलांची नेमणूक वॉकर यांनी त्याच फेब्रुवारीत राज्याच्या महामार्ग पोलीस दलाच्या प्रमुखपदी केली होती. त्यावरून कायद्यातील सवलतीविषयी काही सिद्ध होते असे म्हणणार नाही. मॅडिसनमधील सत्तावर्तुळ किती लहान होते हे मात्र कळते.

वगळलेल्यांचे गणित

पोलीस आणि अग्निशमन दलाला का वगळले? सरकारचे उत्तर असे होते की त्यांनी काम बंद पाडले तर जिवाला धोका निर्माण होईल. विरोधकांचे उत्तर असे की २०१० च्या निवडणुकीत वॉकर यांना पाठिंबा देणाऱ्या मोजक्या कर्मचारी संघटना, उदाहरणार्थ मिलवॉकीचे पोलीस, मिलवॉकीचे अग्निशमन कर्मचारी आणि राज्याचे महामार्ग पोलीस, या सगळ्या वगळलेल्या गटातल्याच होत्या. याच गटातील राज्यव्यापी संघटनांनी मात्र प्रतिस्पर्धी टॉम बॅरेट यांना पाठिंबा दिला होता, त्यामुळे निव्वळ परतफेड हे स्पष्टीकरण अपुरे पडते. तरीही रेषा जिथे ओढली ती जागा विचित्र होती. महामार्ग पोलिसांच्या गटातील मोटार वाहन निरीक्षक वगळले गेले, पण विधानभवनाचे पोलीस आणि वनसंरक्षक वगळले गेले नाहीत. जिवाच्या धोक्याचा निकष लावला तर या रेषेचा अर्थ लावणे कठीण आहे.

या तडजोडीचे खरे राजकीय मोल त्याच भागातील दुसऱ्या एका राज्याकडे पाहिले की समजते. ओहायोचे रिपब्लिकन गव्हर्नर जॉन केसिक यांनी ३१ मार्च २०११ रोजी तशाच आशयाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली, आणि त्यात पोलीस व अग्निशमन दलालाही सामील केले. तत्त्व म्हणून ते अधिक प्रामाणिक होते. परिणाम असा झाला की प्रचाराच्या जाहिरातींत गणवेशातले जवान आले, आणि नोव्हेंबर २०११ च्या सार्वमतात सुमारे ६१ टक्के मतदारांनी तो कायदा रद्द केला. दोन राज्यांत आणखी एक फरक होता: विस्कॉन्सिनमध्ये नागरिकांना राज्याच्या कायद्यावर थेट सार्वमत मागण्याची सोय नाही, त्यामुळे तिथल्या विरोधकांच्या हाती फक्त लोकप्रतिनिधींना परत बोलावण्याचा मार्ग होता. कायद्यावर मत मागणे आणि माणसावर मत मागणे यांत मोठे अंतर असते. कायदा नापसंत असूनही गव्हर्नरला मुदतीआधी हटवणे अयोग्य वाटणारे मतदार बरेच होते. जून २०१२ च्या त्या निवडणुकीत वॉकर यांनी बॅरेट यांना पुन्हा हरवले, आणि अशा निवडणुकीत पद टिकवणारे ते अमेरिकेतील पहिले गव्हर्नर ठरले. त्यांचा प्रचारनिधी सुमारे ३ कोटी डॉलर होता, बॅरेट यांचा त्याच्या कितीतरी पट कमी. मतदानानंतरच्या पाहणीत संघटनांशी संबंधित घरांपैकीही एक तृतीयांशाहून अधिक मते वॉकर यांना गेल्याचे दिसले.

हा शेवटचा आकडा बहुतेक विश्लेषणांत तळटीपेत जातो, पण राजकीय हेतू यशस्वी का झाला हे त्यातच आहे. जेन्सव्हिल येथील जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २००८ मध्ये बंद झाला होता. खासगी कारखान्यातील कामगाराने आपले निवृत्तिवेतन आणि विमा गमावला होता, आणि त्याच गावातील शिक्षकाचे दोन्ही शाबूत होते. संघटनांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या सभासदांसाठी चांगले करार मिळवले, पण बाहेरच्या कामगाराला त्यात आपला काय लाभ हे दिसेल असे काही फारसे केले नाही. फूट पाडायची भाषा वॉकर यांनी केली, हे खरे. फूट मात्र आधीच पडलेली होती, आणि त्यांनी तिच्यात पाचर मारली.

परिणाम आणि न्यायालये

२०१० मध्ये विस्कॉन्सिनमधील १४.२ टक्के कामगार संघटनांचे सभासद होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ८.१ टक्क्यांवर आले. राज्यातील सर्वांत मोठ्या शिक्षक संघटनेची सभासदसंख्या निम्म्याहून खाली गेली. अनेक लहान संघटनांनी वार्षिक मान्यता मतदानाचा खटाटोपच सोडून दिला, कारण मूळ वेतनावर, तेही महागाईच्या मर्यादेत, बोलण्यासाठी दरवर्षी एवढा खर्च करणे त्यांना परवडेना. आधी ज्याची कबुली टाळली गेली तेही झाले: मार्च २०१५ मध्ये खासगी क्षेत्रातील संघटनांची सक्तीची वर्गणी बंद करणाऱ्या कायद्यावर वॉकर यांनी स्वाक्षरी केली. हेंड्रिक्स यांच्या प्रश्नातील दुसरी पायरी तीच होती.

फिट्झजेराल्ड यांचे भाकीत लगेच खरे ठरले नाही. २०१२ मध्ये ओबामा यांनी विस्कॉन्सिन आरामात जिंकले. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ते सुमारे २२,७०० मतांनी जिंकले, आणि १९८४ नंतर प्रथमच ते रिपब्लिकन पक्षाकडे गेले. एवढ्या अल्प फरकात अनेक कारणे सामावतात, त्यामुळे ते श्रेय किंवा दोष एकट्या या कायद्याला देणे धाडसाचे होईल. मात्र खासगी क्षेत्रातील अशाच कायद्यांचा राज्यांच्या सीमेवरील शेजारी परगण्यांची तुलना करून झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे कायदे लागू झाल्यावर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक मतांचे प्रमाण सुमारे ३.५ टक्के अंकांनी घटल्याचे आढळले. संघटना देणगीपेक्षाही जास्त काही देत असते: दारोदार जाणारी माणसे, फोन करणारे हात, मतदानाच्या दिवशीची वाहने. वर्गणी थांबली की हे सारे हळूहळू थांबते. २०१७ मध्ये आयोवाने विस्कॉन्सिनच्याच धर्तीवर कायदा केला. २०२३ मध्ये फ्लोरिडाने वर्गणी कपात बंद करून मान्यतेसाठी ६० टक्के सभासदत्वाची अट घातली. दोन्ही राज्यांनी पोलीस आणि अग्निशमन दलाला झुकते माप दिले. ओहायोचा धडा गिरवला गेला होता.

न्यायालयांपुढे हेतूचा प्रश्न आला तेव्हा त्याचे काय झाले, हे या प्रकरणाचे सर्वांत बोधक अंग आहे. मार्च २०१२ मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायाधीश विल्यम कॉनली यांनी वार्षिक मान्यता आणि वर्गणीबंदी ही कलमे रद्द केली, कारण वगळलेल्या आणि न वगळलेल्या संघटनांमधील भेद राजकीय पाठिंब्याशी जुळणारा दिसत होता. जानेवारी २०१३ मध्ये सातव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्या न्यायालयाने पक्षपात घडलाच नाही असे म्हटले नाही. कायदा करताना राजकीय पक्षपात होतच असतो, आणि कायद्याला तर्कसंगत असे दुसरे काही कारण सापडत असेल तर तेवढ्यावरून तो घटनाबाह्य ठरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. सार्वजनिक सुरक्षेतील कामबंदीची भीती हे तसे कारण मानले गेले. २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही कायदा कायम ठेवला.

२०१८ मध्ये वॉकर यांचा पराभव करून टोनी एव्हर्स गव्हर्नर झाले, पण विधिमंडळ रिपब्लिकन पक्षाकडेच राहिल्याने कायदा मागे घेणे शक्य झाले नाही. २ डिसेंबर २०२४ रोजी डेन परगण्याचे न्यायाधीश जेकब फ्रॉस्ट यांनी राज्यघटनेतील समान संरक्षणाच्या आधारे त्याचा मोठा भाग रद्दबातल ठरवला. त्यांच्या निकालाचा केंद्रबिंदू होता ती सुरक्षा कर्मचाऱ्यांची रेषा: निरीक्षक आत, विधानभवनाचे पोलीस बाहेर. ज्या तरतुदीने २०११ मध्ये विरोधकांच्या हातून गणवेशधाऱ्यांचा पाठिंबा काढून घेतला होता, तीच तेरा वर्षांनी कायद्याची सर्वांत कच्ची बाजू ठरली. अपील दाखल झाले आणि त्या निकालाच्या अंमलबजावणीला स्थगिती मिळाली.